विहीणबाई बाहेर बसल्या होत्या

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण मात्र सासरी झालं, जालन्यात, आणि ते मी पुढे होऊन केलं. नातेवाइकांत त्याचं फार कौतुक झालं, अजूनही होतं. एखाद्या लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई हमखास म्हणते, "सासू असावी तर अशी." मी तेव्हा ताटाकडे बघत भात कालवत राहते. हे कौतुक माझं नाही. ते का नाही, हे लिहून काढल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

मी बियाण्यांच्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं हिशेब सांभाळले. किती पिशव्या गेल्या, किती परत आल्या, तूट कुठं आली, याची जुळणी लागेपर्यंत मला घरी गेल्यावरही चैन पडायचं नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा काम सोडलं. मुलगा कारखान्यात लागला होता, त्याचं लग्न झालं होतं, सून एका शाळेत शिकवत होती. दुपारची मी घरात एकटी. मोबाइलवर काहीबाही बघताना 'डूला' हा शब्द तिथंच पहिल्यांदा ऐकला.

डूला म्हणजे बाळंतपणात बाईजवळ राहणारी, त्यासाठी शिकून आलेली सोबतीण. ती औषध देत नाही, तपासत नाही, बाळ हातात घेत नाही. कळा येत असताना जवळ थांबते, पाठ चोळते, पाणी पाजते, घाबरू देत नाही. मला हे एकदम पटलं. माझ्या मुलाच्या वेळी मी टेबलावर तासन्‌तास एकटी होते. दुखलं किती ते आता आठवत नाही, पण डोक्यावरचा पंखा आणि त्याच्या एका पात्यावरचा रंग उडालेला डाग अजून आठवतो. तेव्हा कुणी नुसतं जवळ उभं असतं तरी चाललं असतं.

मी घरात विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "हात धरायला बाई ठेवायची? जालन्यात?"

"का? जालन्यात बायका बाळंत होत नाहीत?"

"होतात की. पण प्रत्येकीबरोबर चार बायका आधीच असतात. पाचवी तू."

माझी मोठी नणंद जाफराबादहून आली होती. ती तर हसतच सुटली. "अगं, ही आपली सुईणच की. फरक एवढाच की ती सगळं करायची अन् तू काहीच करणार न्हाईस. आमच्या टायमाला भिंतीला पाय लावून आम्ही मोकळ्या झालो. आता पाठ चोळायची पण परीक्षा द्या!"

सुनेच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या सरळ बोलल्या. "सोबत चांगलीच. बाई शांत राहिली तर माझंही काम सोपं होतं. पण आत येऊन मला शिकवायचं नाही. बाळाचे ठोके मी बघणार, काय करायचं ते मी ठरवणार." त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

छत्रपती संभाजीनगरला एका रविवारी या शिक्षणाची माहिती देणारी बैठक होती. मी गेले. वीसेक बायका होत्या, बहुतेक माझ्या मुलाच्या वयाच्या. शिकवणाऱ्या बाईंनी सगळं समजावलं. वर्ग इतके, अभ्यास इतका, आणि शेवटी तीन बाळंतपणांना प्रत्यक्ष सोबत करायची. ती तीन झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. एखादं आधीच होत असेल तर तेही धरू, म्हणाल्या. मग त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी गरोदर आहे का?

माझी पाळी आली. मी म्हणाले, "आहे. माझी सून. पाचवा चालू आहे."

"वा! म्हणजे तुमचं पहिलं तर घरातच झालं."

सगळ्या कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. सून बाळंतपणाला माहेरी जाणार, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. ते मी बोलले नाही. बसमध्ये बसल्यावर मी पहिला विचार केला तो हाच, की तिला इथं कसं ठेवून घेता येईल.

सुनेचं माहेर आष्टीचं. सातव्या महिन्यात विहीणबाई आणि व्याही जीप करून तिची ओटी भरायला आणि तिला न्यायला आले. मी चहा टाकला नाही, कारण ते घेत नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हे त्या घरात अजून काटेकोर पाळतात. लग्नाला तीन वर्षं झाली होती. विहीणबाई यायच्या त्या पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन, आणि दिवस मावळायच्या आत परत जायच्या.

ओटी भरून झाल्यावर मी माझं म्हणणं मांडलं. आष्टीहून इथं यायला दोन तास, आणि रस्त्याचं काम चालू. सुनेचं ब्लड प्रेशर मध्यंतरी एकदा वाढलेलं. हिमोग्लोबिन कमी. डॉक्टर पहिल्यापासून इथल्या, सगळे रिपोर्ट त्यांच्याकडे. आमच्या घरापासून हॉस्पिटल रिक्षानं दहा मिनिटं. यातला एकही आकडा खोटा नव्हता. मी रिपोर्टची फाइलसुद्धा व्याह्यांच्या हातात दिली.

व्याही फाइल चाळून म्हणाले, "ताईंचं बराबर आहे. उगं रिस्क कशाला?"

विहीणबाई म्हणाल्या, "मी डिंक आणून ठिवलाय. खारीक फोडून ठिवली. चार गोधड्या शिवून झाल्या."

"ते सगळं इथं पाठवा की. नाहीतर बाळ झाल्यावर घेऊन जा तिला, चांगली दोन महिने ठेवा."

"ते झालंच. पर त्या टायमाला तिच्याजवळ कोण?"

"मी आहे ना. आणि तुम्हीसुद्धा या राहायला. घर तुमचंच आहे."

हे वाक्य मी अगदी मोकळेपणानं बोलले. त्या येणार नाहीत, हे मला माहीत होतं. जिथलं पाणी चालत नाही तिथं त्या महिनाभर राहणार कशा? त्यांना नाही म्हणावं लागेल असंच आमंत्रण मी दिलं होतं, आणि वर ऐकणाऱ्याला मीच मोठ्या मनाची वाटले असते.

"तसं कसं येता येईल, बाई? नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर..." त्या लेकीकडे बघायला लागल्या. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, राहू दे. इथंच बरं पडंल." गेले दोन महिने मी तिला रोज हेच सांगत आले होते. ती माझंच बोलणं बोलली.

जीपमध्ये चढताना विहीणबाईंनी माझा हात धरला. "कळा सुरू झाल्या की पहिला फोन मला करा. हॉस्पिटल काय लेकीचं घर न्हाई. तिथं मी येऊ शकते. तिथं मी पाणी पण पिऊ शकते."

"पहिला तुम्हालाच," मी म्हणाले.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. मी भाजी निवडत होते. सून भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे वेगळं वाटतंय." आमच्या घरात तिला मी आई आणि तिची आईही आई, फोनवर आम्हा दोघींच्या नावापुढे तिनं गावाचं नाव लिहून ठेवलंय. मी वेळ बघायला लागले. शिकवणाऱ्या बाईंनी व्हिडिओ पाठवले होते, त्यात सांगितलेलं सगळं मी केलं. तिला चालवलं, गरम पाण्यानं कंबर शेकली, श्वास कसा घ्यायचा ते तिच्याबरोबर घेऊन दाखवलं. मुलगा दोनदा विचारून गेला, "आष्टीला फोन करू का?"

"थांब जरा. पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. उगाच त्यांना घाईत काढायचं."

आमच्या घरात अशीही एक समजूत आहे की कळा चालू असल्याचं जितक्या जणांना कळेल तितकं बाळंतपण लांबतं. मी असलं काही मानत नाही. त्या दिवशी मात्र मुलाला मी तेसुद्धा सांगून बघितलं. तो माझ्याकडे जरा चमकून बघत राहिला.

फोन केला तो हॉस्पिटलात भरती झाल्यावर, दुपारी. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "निघाले." उशीर का केला, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही.

आत एकाच बाईला सोडत होते. मी गेले. माझं काम मी चांगलं केलं, हे मला इथं लिहायलाच हवं, नाहीतर तेही खोटं होईल. कंबरेच्या खाली जिथं दाबलं की तिला हलकं वाटायचं, ती जागा मला सापडली होती. कळ आली की मी दाबायची, गेली की ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायची. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. "छान चाललंय," म्हणाल्या, ते दोघींना. मला इतका आनंद झाला होता की गुडघ्यांचं दुखणं मी विसरले होते. कंपनीत इतकी वर्षं काम केलं, पण आपल्या हातांमुळे कुणाचं दुखणं कमी होतंय हे कधी अनुभवलं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नर्स दारातून डोकावली. "पेशंटची आई आल्यात आष्टीहून. बाहेर बसल्यात. बदलायचं असंल तर आत्ता बदला, मंग जमणार न्हाई."

सुनेचे डोळे मिटलेले होते. एक कळ नुकतीच गेली होती. तिनं डोळे उघडायच्या आत मी म्हणाले, "नको. आता मध्येच बदल नको. बरं चाललंय."

नर्स गेली. सून म्हणाली, "कोण आलंय?"

"सगळे आलेत. बाहेर आहेत."

हेही खोटं नव्हतं.

दिवेलागणीला नात झाली. मी बाहेर आले तर विहीणबाई बाकड्यावर अगदी कडेला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून, दाराच्या बाजूला कान करून. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आतला प्रत्येक आवाज त्यांनी ऐकलाय. मी म्हणाले, "मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत." त्या उठल्या, आणि वयानं माझ्याएवढ्या असून माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं.

"तुम्ही होत्या म्हणून," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. ती आमच्या घरून भरून आणलेली होती. "द्या इकडं. नातवंड झालं. आता पिते तुमच्या घरचं पाणी." आणि तिथंच उभ्या उभ्या, वरून धार धरून, त्यांनी अर्धी बाटली संपवली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं. मुलगा हसत होता, व्याही हसत होते. मीही हसले. त्या पाणी पीत होत्या आणि मला वाटत होतं, ती बाटली त्यांच्या हातातून काढून घ्यावी.

तेव्हापासून कौतुक सुरू झालं. नणंदेनं बारशाला चारचौघींत जाहीर केलं, "मी हसले होते हिला. आता म्हणते, शिक बाई शिक." हे म्हणाले, "बरं झालं, पाचवी बाई कामाला आली." आणि सगळ्यात जास्त बोलत होत्या त्या विहीणबाई. सासूनं आईच्या वर केलं, असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या.

सव्वा महिन्यानं सून बाळाला घेऊन आष्टीला गेली. मग शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. नवे वर्ग सुरू होणार होते. "तुमचं पहिलं तर झालंच. आता एक करा, सुनेला विचारा तिला कसं वाटलं, काय हवं होतं, काय नको होतं. तिच्याच शब्दांत मला सांगा. मग ते तीनमध्ये धरू."

तिला काय हवं होतं, हे मी तिला कधीच विचारलेलं नव्हतं. फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतंच. मी म्हणाले, "आष्टीला जाऊन येते, मग सांगते."

विहीणबाईंच्या घरी जाऊन जेवले. जेवणानंतर त्या मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. सून पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. मी दार जरा लोटलं आणि विचारलं, "त्या दिवशी आत तुला कोण हवं होतं?"

ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. "आता कशाला, आई?"

"खरं सांग. मला राग नाही येणार."

"आई हवी होती," ती म्हणाली. म्हणजे तिची. "पण तुमचं पाठ चोळणं पण खरंच बरं वाटत होतं. तसं न्हाई म्हणत मी."

"ती आल्याचं तुला कळलं नव्हतं. मीच तुला नीट सांगितलं नाही."

"कळलं होतं. नर्स बोलली ते सगळं ऐकलं मी. डोळेच तेवढे मिटले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूष होता." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, टोमणा म्हणून नाही. "मला माहीत होतं ना, तुम्हाला तीन बाळंतपणं लागतात. तुमच्या मोबाइलवरचे व्हिडिओ मीच तर लावून द्यायचे. म्हटलं, आईला बोलावलं तर तुमचं एक वाया जाईल."

मी तिची सोबत करायला आत गेले होते, आणि कळा सोसत असताना ती माझी काळजी घेत होती.

मी म्हणाले, "मी तुझ्या आईला सांगते. आत्ताच सांगते."

"नका सांगू." तिनं माझा दंड धरला. "ती सगळ्या गावाला सांगत फिरती, सासूनं एवढं केलं म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं न्हाई, तर लोक काय काय विचारत होते तिला. आता तुमचं कौतुक सांगती आणि सुटती. तेवढं राहू द्या तिच्याजवळ."

म्हणजे सांगून मोकळं होण्याचीही सोय राहिली नव्हती. ते बाळंतपण तीनमध्ये धरायचं नाही, एवढं मी तिथंच ठरवलं. शिकायला जायचं की नाही, हे आज हे लिहीपर्यंत ठरलेलं नाही. काम चांगलं आहे, अजूनही पटतं. मी त्याला योग्य आहे का, ते कळत नाही.

विहीणबाई हात पुसत आत आल्या. "काय चाललंय सासू-सुनेचं? बरं, शिकायला कधी जाता? आमच्या धाकटीला तिसरा लागलाय. मी सांगून ठिवलंय तिच्या सासरी, त्या टायमाला आत आमच्या जालन्याच्या विहीणबाईच पाहिजेत."

"तिच्याजवळ तुम्ही थांबा की," मी म्हणाले. "ती तुमचीच लेक आहे."

"मी? मी काय करू आत?" त्या हसल्या. "मला काय येतंय? तुमच्यासारखं थोडंच शिकलेय मी?"

तीन लेकरांची आई हे बोलत होती. चार महिन्यांपूर्वी याच बाईनं माझा हात धरून पहिला फोन मागितला होता. ती जागा आपली आहे, याबद्दल तेव्हा तिला काडीची शंका नव्हती.

सूनच हलली. तिनं बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं, पलंगावर सरकून आईकडे पाठ केली आणि म्हणाली, "ये इकडं. यात शिकायचं काही न्हाई. इथं दाब."

"अगं, दुखंल तुला."

"दाब तू. जोरात."

विहीणबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. हात अजून ओले होते, ते त्यांनी पदराला पुन्हा पुसले आणि लेकीच्या कंबरेवर ठेवले. आधी भीत भीत, मग अंगठे रोवून. सुनेनं मान खाली घातली. त्यांचा हात मला सापडलेल्या जागेच्या दोन बोटं वर पडत होता. मी बाळाला थोपटत बसले आणि काही बोलले नाही.